फुलाच्या उंबरठ्यावर

वांग्याच्या वाफ्यात ऊन चढू लागले की दोन तऱ्हेची गुणगुण ऐकू येते. एक नेहमीची, उडत्या माशीची, सलग. दुसरी तुटक आणि टिपेची; दाढीचे यंत्र क्षणभर चालू करून बंद करावे तशी. हा दुसरा आवाज फुलाला उलट्या लटकलेल्या माशीचा असतो. पोटावर निळे पट्टे असलेली, पोळे न करता एकटीच राहणारी ही माशी वांग्याच्या फुलातले पिवळे परागकोश जबड्यात धरते, पंख मिटते आणि उडण्याचे स्नायू तेवढे थरथरवते. खाली मान घातलेल्या त्या फुलाचे परागकोश उभे उकलत नाहीत. प्रत्येकाच्या टोकाला सुईच्या अग्राएवढी छिद्रे असतात. पावसाळ्यात दमट झालेली मीठदाणी हिसका दिल्याशिवाय मीठ सोडत नाही, तसे या छिद्रांचे. थरथर झाली की पराग भुरभुरत माशीच्या पोटावर पडतात. ती गेल्यावर परागकोशावर जबड्याचे तपकिरी वळ उरतात, आणि भिंगातून पाहणाऱ्याला पाहुणी येऊन गेल्याचे कळते.

त्याच शेताच्या बांधावर सातेरी मधमाश्यांची पेटी ठेवली तरी सातेरी या फुलांचे फारसे मनावर घेत नाही. फुलात मकरंद नाही. पराग आहेत, पण कुपीत बंद. आणि कुपी उघडणारी ती थरथर मधमाश्यांना साधत नाही. जांभळा रंग दोघींना दिसतो, फूल दोघींनाही सापडते. तरी एक थांबते आणि दुसरी पुढे जाते.

फुलाच्या आकारावरून कीटक निवड करतात का, आणि करत असतील तर कशी, हा प्रश्न सव्वादोनशे वर्षांपासून चर्चेत आहे. शाळेच्या पुस्तकात त्याचे उत्तर एका ओळीत असते: आकर्षक रंग, सुगंध आणि आकार यांमुळे कीटक फुलांकडे येतात. या ओळीतला तिसरा शब्द पहिल्या दोघांच्या पंक्तीला बसवला जातो, तिथेच गोंधळ होतो. लांबून बोलावण्याचे काम रंग आणि गंध करतात. आकाराचा अंमल सुरू होतो तो कीटक उंबरठ्यावर आल्यावर, आणि त्या टप्प्यावर कीटकाच्या लेखी मोल असते मेहनतीचे: आत शिरायला किती खटपट, आणि पदरात काय पडणार.

उंबरठ्याची गोष्ट कीटकाच्या डोळ्यापासून सुरू केली पाहिजे. कामकरी मधमाशीचा एक डोळा सुमारे साडेपाच हजार बारीक नेत्रिकांचा बनलेला असतो. प्रत्येक नेत्रिका चित्राचा एकच ठिपका टिपते, म्हणजे आपल्या फोनच्या कॅमेऱ्यापुढे हे यंत्र अगदीच जाडेभरडे. १९९६ साली मार्टिन जिउर्फा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधमाश्यांना शिकवून मोजले, की एखादी वस्तू डोळ्यापाशी किमान ५ अंशांचा कोन करील तेव्हाच ती पार्श्वभूमीपासून वेगळी कळते, आणि रंग ओळखायला तर १५ अंश लागतात. याचा हिशेब मांडला तर सेंटिमीटरभर रुंदीचे फूल माशीला ११-१२ सेंटिमीटरांवरून जाणवते आणि त्याचा रंग ४ सेंटिमीटरांवर आल्यावर समजतो. पाकळीच्या कडेची नक्षी, ओठाचा बाक, नळीचे तोंड हे सगळे त्याहून जवळचे. आपण पाच फुटांवरून ज्या फुलाच्या डौलाचे कौतुक करतो, तो डौल माशीला नाक लावल्याखेरीज दिसत नाही.

म्हणूनच अनेक झाडे लहान फुलांचा गुच्छ करतात. सूर्यफूल किंवा सोनकी हे एक फूल वाटते, पण ती असंख्य फुलांची बैठक असते. कडेच्या फुलांनी लांब पिवळी पाकळी बाहेर काढून सगळ्या बैठकीला मोठा घेर दिलेला असतो.

या विषयाचा पाया घातला तो बर्लिनजवळच्या श्पांडाऊ गावातल्या एका शाळाप्रमुखाने. क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल यांनी १७८७ मध्ये एका रानटी जिरेनियमच्या पाकळ्यांच्या बुडाशी मऊ केस पाहिले. हे केस उगीच नसणार, पावसाचे पाणी मकरंदात मिसळू नये म्हणून असणार, असा तर्क त्यांनी केला आणि त्या तर्काचा धागा धरून ते पुढची काही वर्षे शेता-रानांत फुलांपुढे बसून राहिले. १७९३ साली त्यांनी शेकडो वनस्पतींच्या निरीक्षणांचे पुस्तक काढले. पाकळ्यांवरच्या रेघा आणि ठिपके माशीला मकरंदाची वाट दाखवतात, फुलाची प्रत्येक वळकटी कीटकाच्या अंगाला पराग लागावेत अशी बेतलेली असते, हे त्यात होते. समकालीनांनी ते पुस्तक बाजूला टाकले. शाळेचे प्रमुखपदही गेले. १८४१ साली वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांच्या सांगण्यावरून चार्ल्स डार्विन यांनी ते वाचले, तेव्हा कुठे त्याचे दिवस पालटले.

श्प्रेंगेल यांनी फुलाची बाजू पाहिली. कीटकाची बाजू प्रयोगाने तपासायला विसावे शतक उजाडावे लागले. कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाश्यांना रंग दिसतात हे सिद्ध केले, पण आकारांच्या चाचणीत गंमत झाली. साखरपाण्याची लालूच दाखवूनही माश्यांना त्रिकोण आणि चौकोन यांतला भेद शिकवता येईना. बर्लिनमध्ये माटिल्डे हेर्ट्झ यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस हाच प्रश्न उलटा विचारला: माश्यांना काय ओळखता येते ते सोडा, त्यांचे पाय आपणहून कुठे वळतात? उत्तर स्पष्ट आले. भरीव, सलग कडेच्या आकृतीपेक्षा तुटक, दातेरी, चांदणीसारख्या फाटे फुटलेल्या आकृतीवर माश्या अधिक उतरत. रेडिओलहरींचा शोध लावणारे हाइनरिश हेर्ट्झ हे माटिल्डेंचे वडील. ज्यू वंशाच्या म्हणून नाझी राजवटीत त्यांचे संशोधन खुंटले, त्यांना इंग्लंड गाठावे लागले आणि हे काम अर्ध्यावर राहिले. पुढे १९६०च्या दशकापासून अधिक काटेकोर प्रयोग झाले तेव्हा कळले, की माश्या त्रिकोण-चौकोनही ओळखू शकतात, फक्त त्यांना नीट, सावकाश आणि समोरून पाहू द्यावे लागते. म्हणजे आधीची चूक माश्यांच्या डोळ्यांपेक्षा परीक्षेच्या मांडणीत अधिक होती.

जिउर्फा यांचेच १९९६चे दुसरे काम त्याहून गाजले. काही मधमाश्यांना डावी-उजवी बाजू जुळणाऱ्या आकृत्यांवर बक्षीस दिले, काहींना न जुळणाऱ्यांवर. मग पूर्वी कधीच न पाहिलेल्या आकृत्या समोर ठेवल्या. माश्यांनी शिकलेला नियम त्यांनाही लावला. सममिती ही कल्पना मेंदूत धरून ठेवायला माणूसच लागतो असे नाही, हे तेव्हा अनेकांना पचायला जड गेले.

याच सुमारास सममितीची एक लाटच आली. समतोल फूल म्हणजे निरोगी झाड, निरोगी झाड म्हणजे भरपूर मकरंद, आणि कीटक हे जाणतात, अशी मांडणी झाली. युरोपातल्या काही फुलांवर बंबलबी नावाच्या केसाळ माश्या खरोखर अधिक समतोल फुलांकडे झुकताना दिसल्या. पण तो निष्कर्ष साऱ्या फुलांना लागू करण्याची घाई झाली. वारा, सुरवंट आणि उन्हाचा तडाखा यांतून गेलेल्या रानातल्या फुलांचे तंतोतंत माप काढत बसणे कीटकाला परवडणारे नाही.

त्यापेक्षा ठोस पुरावा स्पेनमधून आला. सिएरा नेवाडा पर्वतात होसे गोमेस यांनी मोहरीच्या कुळातल्या एका रानफुलाचा अभ्यास केला. मोहरीच्या कुळाची ओळखच चार सारख्या पाकळ्यांची, अधिकच्या चिन्हासारखी. पण या झाडात घडणीची विविधता होती: काहींच्या चारही पाकळ्या सारख्या, काहींच्या खालच्या दोन वेगळ्या झालेल्या, त्यामुळे फूल चेहऱ्यासारखे दोनच बाजूंनी जुळणारे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार चेहऱ्यासारख्या फुलांना कीटकांच्या भेटी जास्त होत्या आणि त्या झाडांची प्रजाही अधिक होती. भेट देणारे बहुतांशी फुलातले पराग खाणारे इवलेसे ढालकिडे, ज्यांना जुनी पुस्तके मठ्ठ समजत. वाटाणा, तुळस, तेरडा, आमरी अशा अनेक कुळांत चेहऱ्याची फुले स्वतंत्रपणे शंभराहून अधिक वेळा निर्माण झाली आहेत. त्या वाटेचे पहिले पाऊल कसे पडत असेल याची झलक त्या डोंगरउतारावर दिसली.

आकार म्हणजे केवळ बाह्यरेषाही नव्हे. बहुतेक फुलांच्या पाकळीच्या वरच्या पापुद्र्यातल्या पेशी शंकूच्या आकाराच्या असतात. बोटाला मखमल लागते ती यांचीच. केंब्रिजच्या बेव्हर्ली ग्लोव्हर यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले, की बंबलबीच्या पायांची नखे या शंकूंमध्ये अडकतात. नकली फूल आडवे ठेवले तर माश्यांना गुळगुळीत आणि मखमली यांत फरक पडत नव्हता. तेच उभे केले, की पाय घसरू लागले आणि माश्या शिकून मखमलीकडे वळल्या. स्नॅपड्रॅगनच्या ज्या वाणांत या पेशी चपट्या झाल्या आहेत, त्यांकडेही त्यांनी पाठ फिरवली. कीटकाची पसंती काय चीज आहे ते इथे हातात धरून पाहता येते. फुलवाल्याला हारासाठी कुठला झेंडू बरा ते जसे बोटांनी कळते, तसे माशीला पायांनी.

पतंगांच्या बाबतीत सोंड पायांची जागा घेते. अमेरिकेतला तंबाखूवर वाढणारा हॉकमॉथ अधांतरी तरंगत मकरंद पितो. २०१५ साली थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या फुलांवर त्याची परीक्षा घेतली गेली. तोंड सपाट थाळीसारखे असेल तर सोंड थाळीभर चाचपडत राहते. धोतऱ्यासारखे आत वळत गेलेले असेल तर उतारावरून घरंगळावी तशी भोकात जाते.

आता नळीची कथा. १८६२च्या जानेवारीत डार्विन यांच्याकडे मादागास्करच्या एका आमरीची फुले आली. पांढऱ्या चांदणीसारख्या फुलामागे जवळजवळ २९ सेंटिमीटर लांबीची हिरवी नळी लोंबत होती आणि मकरंद तिच्या तळाशी होता. एवढ्या लांब सोंडेचा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे, असे त्यांनी लिहिले. कीटकशास्त्राच्या काही जाणकारांनी ही कल्पना हसण्यावारी नेली. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६७ मध्ये डार्विन यांची बाजू घेतली. १९०३ साली मादागास्करमध्ये सापडलेल्या तशा लांब सोंडेच्या पतंगाला रॉथ्सचाइल्ड आणि जॉर्डन यांनी नाव दिले त्यात ‘भाकीत केलेला’ असा अर्थ गुंफला. २०२१ मध्ये त्याला स्वतंत्र जातीचा मान मिळाला.

ही गोष्ट इतकी देखणी आहे की ती सांगून लेखक थांबतात. पण नळी लांब होण्याने झाडाचे भले कसे होते, हा प्रश्न राहतोच. स्वीडनच्या आन्डर्स निल्सन यांनी १९८८ मध्ये त्याचे उत्तर दिले. त्यांनी स्वीडनमधल्या आमरींच्या नळ्या कृत्रिमरीत्या आखूड केल्या. पतंग आले, मकरंद प्याले आणि गेले. पण सोंड सहज तळाला पोचल्यामुळे त्यांना डोके फुलात दाबावे लागले नाही, आणि परागांची गाठोडी त्यांना नीट चिकटली नाहीत. फळे कमी धरली. झाडाला हवा असतो तो थोडा कमी पडणारा पाहुणा, जो शेवटच्या घोटासाठी तोंड खुपसतो. याला दुसरी बाजूही आहे. पतंगांच्या सोंडा फुलांमुळे लांबल्या नाहीत, फुलांत दबा धरून बसणाऱ्या कोळ्यांपासून अंतर राखायला लांबल्या, असे जर्मन संशोधक वासरथाल मांडतात. वाद मिटलेला नाही.

लांबी जुळली नाही तर काय होते, त्याचा सर्वांत सरळ धडा न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांना मिळाला. इंग्लंडहून नेलेले लाल क्लोव्हरचे चारापीक तिथे झकास वाढले, पण बी धरेना. या फुलाची नळी सुमारे सेंटिमीटरभर, मधमाशीची जीभ ६-७ मिलिमीटर. मधमाश्या होत्या, फुले होती, मध्ये तीन-चार मिलिमीटरांची खोट होती. १८८५ मध्ये इंग्लंडहून लांब जिभेच्या बंबलबी नेऊन सोडल्या, तेव्हा क्लोव्हर बियाण्याचा प्रश्न सुटला.

जीभ पुरली तरी काम भागते असे नाही, हे महाराष्ट्रातल्या दूधवाल्याच्या ओळखीच्या लसूणघासावर दिसते. या जांभळ्या फुलाच्या होडीसारख्या जोडपाकळीत केसरांची दांडी ताणून अडकवलेली असते, उंदराच्या सापळ्याच्या कमानीसारखी. माशीने होडी दाबली की कमान सुटते आणि फटकन माशीच्या हनुवटीवर बसते. एक-दोन फटके खाल्ले की मधमाश्या शहाण्या होतात. बाजूच्या फटीतून जीभ सरकवून मकरंद पितात, कमान तशीच राहते आणि बीज धरत नाही. अमेरिका आणि कॅनडात म्हणून लसूणघासाच्या बियाण्यासाठी पानकापी माश्या पाळतात. पानांचे गोल तुकडे कापून घरटे करणारी ही लहानशी माशी फटक्याला भीत नाही. शेताकडेला तिच्यासाठी भोके पाडलेल्या लाकडी फळ्यांची खुराडी उभी असतात.

कीटकाच्या निवडीत अनुभवाचा वाटा किती मोठा असतो ते या फटक्यावरून कळावे. सोनकीसारखे उघडे फूल कुणीही, कधीही वापरू शकतो. स्नॅपड्रॅगनसारखे ओठ मिटलेले फूल उघडायला वजन आणि सराव लागतो. लहान मुले बोटांनी दाबून त्याचा जबडा उघडतात, तेच माशी छातीने करते. अवघड फुले हाताळायला बंबलबींना डझनावारी भेटींचा सराव लागतो, हे टेरेन्स लॅव्हर्टी यांनी कॅनडात दाखवले. नवशिकी माशी फुलाच्या पाठीवर, बाजूला, पाकळ्यांच्या मधून शिरायला बघते आणि हात हलवत परत जाते. एकदा किल्ली सापडली की मात्र ती त्याच जातीच्या फुलामागे लागते. एका फेरीत मधमाशी एकाच जातीच्या फुलांना भेटते, हे अॅरिस्टॉटलनेही नोंदवले होते. अवघड आकाराचा झाडाला होणारा फायदा यातच आहे: शिकलेले गिऱ्हाईक टिकते आणि पराग दुसऱ्याच्या दारी वाया जात नाहीत.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात हा सगळा बाजार दोन हात जागेत भरलेला असतो. जांभ्या दगडावरच्या वीतभर मातीत सोनकीचे पिवळे तबक साऱ्यांसाठी उघडे: माश्या, फुलपाखरे, ढालकिडे कुणीही यावे. शेजारी तेरडा, ज्याचा मकरंद मागे वाकलेल्या शेपटीवजा नळीत. कवळा, ज्याची पिवळी फुले लाल ठिपक्यांमुळे मुलांना मिकी माउस वाटतात आणि जो वाटाण्याच्या कुळातला असल्यामुळे केसर होडीत दडवून ठेवतो. निळसर सीतेची आसवे, खालचा ओठ पुढे काढलेली. आणि हबेनेरिया नावाच्या पांढऱ्या आमरी, ज्यांची भिस्त प्रामुख्याने लांब सोंडेच्या पतंगांवर. २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या या पठारावर येणारा पर्यटक हे सारे फोटोत गालिचा म्हणून पकडतो. गुडघे टेकून एकाच सोनकीपुढे आणि एकाच तेरड्यापुढे दहा-दहा मिनिटे बसले, तर पाहुण्यांच्या यादीतला फरक कुणालाही मोजता येईल. फुले न तुडवता, अर्थात.

जिथे कुलूप तिथे चोर. काळा भुंगा, लाकूड पोखरून घर करणारा, नळीदार फुलांच्या बाबतीत अट्टल घरफोड्या असतो. बंगल्याच्या कुंपणावर लावलेल्या पिवळ्या टेकोमाच्या घंटा तोडून पाहाव्या. अनेकांच्या बुडाशी उभी चीर आढळते. समोरच्या दाराने जायला अंगाने आडवा, म्हणून भुंगा मागून नळी चिरतो. मग त्याच भोकातून मधमाश्या आणि मुंग्याही हात मारतात. पण याच भुंग्याला रुईवर पाहिले तर तो सज्जन ठरतो. रुईच्या मेणचट फुलात मधोमध उभा राजमुकुट असतो आणि त्याच्या पाच कडांमध्ये अरुंद खाचा. मकरंद पिताना भुंग्याचा पाय खाचेत अडकतो, त्याने हिसडा मारला की चिमट्याला लावलेली परागांची जोड-पिशवी पायाला लटकून बाहेर येते. मुंगीला तो हिसडा देता येत नाही. एकाच किड्याचे चारित्र्य फुलागणिक बदलते.

काही फुले तर दाराचा वापर कोंडण्यासाठी करतात. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात फुलणारी कंदीलपुष्पे, म्हणजे खरपुडीचे वेल, या कारागिरीत अव्वल. फूल उभ्या नळीचे. वर पाकळ्यांची टोके एकमेकांना जुळून कंदिलाची जाळी झालेली, खाली फुगीर पोट. जाळीतून बारीक माशी आत शिरते. नळीची भिंत गुळगुळीत आणि केस खालच्या दिशेने रोखलेले, त्यामुळे जाता येते, परतता येत नाही. पोटाची भिंत ठिकठिकाणी पातळ असते, तिथून उजेड येतो आणि माशी बाहेर पडण्याच्या आशेने तिकडेच, म्हणजे परागांकडेच, धडपडते. तिच्या सोंडेला परागपिशवी अडकते. काही काळाने केस सुकतात, फूल कलंडते आणि कैद्याची सुटका होते. या माश्यांना मुळात आणतो तो गंध: दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंदीलपुष्पाचा वास कोळ्याच्या तोंडी सापडलेल्या मधमाशीसारखा असतो आणि अशा मेजवानीवर टपलेल्या माश्या त्याला भुलतात, हे २०१६ मध्ये सिद्ध झाले.

भूमध्य समुद्राकाठच्या मधमाशी-आमरींबद्दलही हेच म्हणता येते. १९१६च्या सुमारास अल्जीरियातले फ्रेंच न्यायाधीश पुयान यांनी नोंदवले, की एका गांधीलमाशीचे नर या फुलाला मादी समजून बिलगतात. फूल दिसते अगदी कीटकासारखे, त्यामुळे सोंग आकाराचे असावे असे सगळ्यांनी धरून चालले. पुढच्या संशोधनाने पारडे फिरवले: नराला ओढतो तो मादीच्या अंगगंधाची हुबेहूब नक्कल करणारा वास. मग केसाळ ओठ कशासाठी? नर कोणत्या दिशेने बसणार ते त्या केसांच्या कलावर ठरते. काही जातींत तो डोके वर करून बसतो आणि पराग डोक्याला लागतात. काहींत डोके खाली करून, तेव्हा ते पोटाच्या टोकाला चिकटतात. दोन जाती शेजारी फुलल्या तरी हिशेब एकमेकांत मिसळत नाहीत.

मराठीत क्वचित भेटणाऱ्याला उंबराचे फूल म्हणतात. फुले मात्र प्रत्येक उंबरात असतात, शेकड्याने. ती आतल्या बाजूला तोंड करून असतात एवढेच. बाहेर जायला टोकाशी एक छिद्र, तेही एकावर एक बसलेल्या खवल्यांनी बंद. दोन-एक मिलिमीटरांची एक माशी, तिचे कुळ गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातले, गंधाचा माग काढत येते आणि त्या खवल्यांतून आत घुसते. घुसताना तिचे पंख बहुधा तुटतात. परतीचा विचारच नसतो; परागण करायचे, अंडी घालायची आणि आतच मरायचे. पुढच्या पिढीतल्या माद्या नरांनी पोखरलेल्या वाटेने बाहेर पडतात. हे दार इतके नेमके, की आपल्याकडच्या उंबराचे परागण या एकाच जातीची माशी करते. आयत्या बिळावरचे नागोबाही आहेत, पण ते दाराशी जातच नाहीत. लांब सुईसारख्या अवयवाने बाहेरूनच भोसकून अंडी घालतात.

मग आकार पाहून पाहुणा ओळखता येतो का? इटलीच्या फेदेरिको देल्पिनो यांनी एकोणिसाव्या शतकात तसे तक्ते मांडायला सुरुवात केली आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी ते पाठ केले: लांब पांढरी नळी म्हणजे पतंग, मिटलेले ओठ म्हणजे माशी, उघडी थाळी म्हणजे ढालकिडा. १९९६ साली निकोलस वेझर आणि सहकाऱ्यांनी या तक्त्यांवर बोट ठेवले. रानात बहुतेक फुलांना नाना तऱ्हेचे कीटक येतात, हे त्यांनी दाखवून दिले. २००९ मध्ये जेफ ऑलर्टन यांच्या गटाने तीन खंडांतल्या फुलांवर तक्ते लावून पाहिले, तर सुमारे एक तृतीयांश जातींचाच मुख्य पाहुणा बरोबर निघाला. २०१४ साली ४१७ वनस्पतींच्या माहितीचा पुन्हा ताळा घेतला गेला; त्यात केवळ येणारे न मोजता खरे परागण करणारे मोजले, तेव्हा तक्त्यांना बरीच पुष्टी मिळाली. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर आहेत. रुईवर दिवसभर बसणाऱ्या मुंग्या मोजल्या तर तक्ता फसतो, पायाला पिशवी लटकलेला भुंगा मोजला तर जुळतो.

जुळलेले माप उसवतेही. अमेरिकेच्या रॉकी पर्वतात उंचावर राहणाऱ्या दोन जातींच्या बंबलबींच्या जिभा गेल्या चाळीसेक वर्षांत सुमारे २४ टक्क्यांनी आखूड झाल्याचे २०१५ मध्ये आढळले. उन्हाळे तापले, एकूणच फुले विरळ झाली, लांब जीभ बाळगण्यात लाभ उरला नाही. आपल्या बागांत हेच काम आपण हौसेने करतो. गच्च पाकळ्यांच्या गुलाबात आणि दुहेरी जास्वंदीत केसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. दार आहे, घर नाही. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी बागेतल्या डेलियांवर येणारे कीटक मोजले, तेव्हा मधला भाग उघडा असलेल्या वाणांवर गर्दी दिसली आणि गोंड्यासारख्या गच्च वाणांवर शुकशुकाट.

टोमॅटोचे परागकोशही वांग्यासारखेच कुपीबंद. युरोपच्या काचघरांत पूर्वी मजूर थरथरत्या काड्या घेऊन फुलांना स्पर्श करत फिरत. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ते काम पेटीतल्या बंबलबी करतात. चिलीने याच युरोपीय बंबलबी आणल्या, त्या शेतातून रानात गेल्या आणि तिथली स्थानिक मोठी नारिंगी बंबलबी अनेक भागांतून हटली. महाराष्ट्राच्या मैदानात बंबलबी मुळात नाही. निळ्या पट्ट्यांची माशी आणि भुंगा ही थरथर फुकटात करतात. त्यांना लागते ती बांधावरची न नांगरलेली माती आणि कुजके लाकूड.

जिथे योग्य कीटक नाहीच, तिथे बोटे कामाला लागतात. व्हॅनिला मेक्सिकोकडची आमरी. तिच्या फुलात पराग आणि कुक्षी यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. वेल जगभर नेली, फुलली, पण शेंग धरेना. १८४१ साली हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने तो पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबण्याची युक्ती काढली. केरळ-कर्नाटकातल्या मळ्यांत आजही तेच चालते. फूल सकाळी उमलते आणि दिवस मावळण्याआधी मलूल होते, म्हणून मजूर भल्या सकाळी बांबूची टोकदार काडी घेऊन वेलीपाशी उभे राहतात आणि एकेक फूल उघडून, पडदा उचलून, अंगठा टेकवून पुढच्या फुलाकडे सरकतात.